‘राडा’ : एक शब्द की दोन?

आपण विदर्भातून ऐरोलीला राहायला आला आहात. सोसायटीच्या सूचनेत ‘राडारोडा उचलावा’, बातमीत ‘दोन गटांत राडा’ आणि मुलाच्या तोंडी ‘मॅचमध्ये राडा केला’ असे आढळल्यावर हा शब्द एकच आहे का आणि तो इंग्रजी ‘रेड’वरून (raid, म्हणजे छापा) आला का, असे आपण विचारले आहे. इंग्रजीचा येथे काही संबंध दिसत नाही.

घाटावरच्या बोलीत राडा म्हणजे पायांनी तुडवून झालेला चिखल. ‘पावसानं गोठ्यापुढं नुसता राडा झालाय’ हे वाक्य तिकडे कोणीही सहज बोलेल. ‘राडारोडा’ हा जोडशब्द याच अर्थाच्या जवळचा असून त्यात रोडा म्हणजे विटेचा तुकडा. नवी मुंबईत बोलताना सगळे ‘डेब्रिज’ म्हणतात, महापालिकेच्या मराठी मजकुरात मात्र राडारोडा टिकून आहे (आणि तो रात्री खाडीकाठी टाकणारे डंपरही).

भांडणाचा अर्थ या चिखलातूनच आला, असे सहसा सांगितले जाते. चिखल, मग घोळ, मग गोंधळ, मग हाणामारी अशी ती साखळी पटण्याजोगी आहे; ‘पेपरात राडा झाला’ हा कॉलेजातला प्रयोग तिच्यातली मधली कडी म्हणता येईल. तरीही मला दुसरी वाट दुर्लक्षिण्याजोगी वाटत नाही. संस्कृत कोशांत ‘राटि’ म्हणजे युद्ध. हिंदीत भांडणाला ‘राड’ किंवा ‘रार’ म्हणतात आणि गुजरातीत ‘राड’ म्हणजे आरडाओरडा. मराठी, हिंदी आणि गुजराती बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या एकाच चाळीत राहिलेल्या या पट्ट्यात चिखलाच्या शब्दाला भांडणाचा शब्द येऊन मिळाला असावा, असे माझे मत आहे. क्रियापदेही थोडी साक्ष देतात: चिखलाचा राडा आपोआप ‘होतो’, भांडणाचा राडा मात्र कोणीतरी ‘करतो’ किंवा ‘घालतो’, आणि त्याला फारसी प्रत्यय लावून आपण ‘राडेबाज’ म्हणतो.

कौतुकाचा अर्थ अलीकडचा आहे. दहीहंडीला ठाण्यात ‘आपल्या पथकानं नऊ थर लावून राडा केला’ असे ऐकू आले, तर कोणाचे डोके फुटलेले नसते.

लेखी तक्रारीत मात्र ‘राडा’ न लिहिता बाचाबाची, धक्काबुक्की की मारहाण हे नेमके लिहावे, कारण हा शब्द तिन्हींना चालतो.