ताई, पगार येतो पण दिसतच नाही

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, नमस्कार. मी २६ वर्षांचा, धरणगाव तालुक्यातला, आयटीआय फिटर. चार वर्षं झाली जळगावला एमआयडीसीत पाईपच्या कंपनीत आहे. पगार २०,५००, पीएफ वगैरे कापून हातात १८,३०० येतात. गाडीचा हप्ता ३,९००, मोबाईलचा २,२५०, एका ॲपवरून २५ हजार घेतले होते त्याचे २,६००, कंपनीतल्या पोरांची भिशी २,०००, रूम आणि मेस ४,३००, वरखर्च ३,०००. शिल्लक काहीच नाही. घरी चार बिघे कोरडवाहू, कापूस. बहिणीचं लग्न पुढच्या आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) करायचं चाललंय, वडील म्हणतात नोकरी तुझी आहे, बँक तुलाच देईल, ४ लाखाचं लोन काढ. शिवाय म्हणतात दर महिन्याला थोडं सोनं घेत जा. रूममेट शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंग करतो, तो म्हणतो १० हजार टाक, महिन्यात डबल. चुलतभाऊ सुरतला बोलवून राहिलाय. रात्री झोप येत नाही. सेट व्हायला सवयी काय लावायच्या ते सांगा, युट्यूबवाले सगळे लाखाच्या पगारवाल्यांसाठी बोलतात."

दादा, आकडे लिहून पाठवलेस हे फार बरं केलंस. बाकीच्या पत्रांत "पैसा टिकत नाही" एवढंच असतं, आता त्याच्यावर मी काय बोलणार. तुझे तीन हप्ते मिळून होतात ८,७५०, म्हणजे हातात येतं त्यातलं जवळजवळ निम्मं.

तुमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी, तू पाहिलेच असशील. आखाजीला साल ठरतं, मालकाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतो, ती दवाखान्यात नाहीतर पोरीच्या लग्नात जाते, आणि मग वर्षभर तो राबतो पण ते वर्ष त्याने आधीच विकलेलं असतं, दुसरीकडे रोज जास्त मिळत असला तरी त्याला हलता येत नाही. तू कंपनीचा शर्ट घालून तेच करून राहिलाय, फरक एवढाच की तुझे मालक तीन आहेत आणि एक तर मोबाईलमध्ये बसलाय. म्हणून सवयींचं नंतर बघू, पहिले उचल फेडायची, नाहीतर पहाटे पाचला उठून डायरी लिही नाहीतर थंड पाण्याने आंघोळ कर, खात्यात काही पडणार नाही.

ॲपवालं लोन पहिले घे. पूर्ण पत्रात तू लिहिलंयस की २५ हजार मंजूर झाले, प्रोसेसिंगचे कापून हातात २३,५०० आले आणि १२ हप्ते २,६०० चे, "व्याज फक्त २ टक्के महिना". आता बघ, तू परत करणार ३१,२००. आणि ते पूर्ण पैसे तुझ्याकडे वर्षभर राहतच नाहीत, पहिल्या महिन्यापासून तू परत करत चाललास, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण २५ हजारावर लागतं. नीट हिशेब केला तर हा दर वर्षाला ५५ टक्क्यांच्या आसपास बसतो. गावातल्या सावकाराला आपण नावं ठेवतो, त्याने एवढं लावलं असतं तर पंचायत बसली असती. लोन देताना एक कागद दाखवावा लागतो, त्यावर वर्षाचा खरा दर एपीआर म्हणून लिहिलेला असतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, पण आपण खाली सरकवतो आणि ॲग्री दाबतो. पुढे कधी कुठलंही कर्ज घेशील तर हप्ता किती असं विचारू नको, एपीआर किती असं विचार. ही एक सवय मात्र आजपासून लाव.

तुझे पाच हप्ते गेले, सात राहिले. ॲपमध्ये फोरक्लोजरचा, म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करायचा आकडा दाखवतं, तो बघ, वर काही चार्ज लावतात का ते पण बघ. तुझी भिशी १५ जणांची, म्हणजे ३० हजार उचलायला मिळतात, आणि तुझा नंबर अजून लागला नाही. चिठ्ठीची भिशी आहे ना, मग ज्याचा नंबर निघाला आणि ज्याला घाई नाही त्याच्याशी बदलून घे, भिशीत हे चालतं, फक्त सगळ्यांच्या समोर बोल. आलेल्या पैशातून ॲप बंद कर, नो ड्यूजचं लेटर घे आणि महिना-दोन महिन्यांनी सिबिलवर, म्हणजे तुझ्या कर्जांच्या नोंदीत, ते लोन क्लोज दाखवतंय का ते तपास. उरलेले पैसे खात्यातच राहू दे, त्यातून नवीन बूट नाही. भिशी पूर्ण होईपर्यंत भर, पण दुसरी लावू नको, भिशीत सगळा खेळ माणसांच्या शब्दावर असतो आणि एक जण नोकरी सोडून गेला की बाकीचे त्याचा फोन लावत बसतात. आणि मधल्या काळात ॲपवाल्यांनी शिव्या दिल्या, तुझ्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांना फोन लावले, तर घाबरून दुसऱ्या ॲपवरून घेऊन यांचं भरू नको, सरळ सायबर गुन्ह्यांच्या १९३० हेल्पलाईनवर तक्रार कर.

गाडीचा आणि मोबाईलचा हप्ता चालू दे, ते वेळेवर जाऊ दे म्हणजे झालं. पण मोबाईल संपला की नवीन नाही. तुझ्या हातातला फोन चालतोय तोपर्यंत तो चांगलाच आहे.

आता वरखर्च ३,०००. एवढा गोल आकडा खरा नसतो दादा. आज रात्री फोनपेची हिस्ट्री उघड आणि मागच्या महिन्याचं एकेक बघत जा: १० चहा, २० पुडी, ४० पेट्रोलपंपासमोरचा वडा, परत २० पुडी, रविवारी शेवभाजीला २८० कारण तिघांचं तू दिलंस. पुडी मी माझ्या मनाने टाकली, नसेल खात तर माफ कर, पण एमआयडीसीतल्या पोरांची पत्रं मला येतात म्हणून लिहिलं. दिवसाला दोन म्हटल्या तरी महिन्याचे १,२०० होतात, दात आणि जबडा वेगळा. शेवभाजी बंद कर असं मी म्हणणार नाही, महिन्यातून एकदा पोरांसोबत ढाब्यावर बसलास तर काही बुडत नाही. मला फक्त असं पाहिजे की महिना संपल्यावर "कुठे गेले" हा प्रश्न तुला पडू नये.

ॲपचे २,६०० सुटले की त्याच तारखेला बँकेत एक वर्षाची आरडी (दर महिन्याला ठराविक रक्कम टाकायची ठेव) सुरू कर, ऑटो डेबिट लाव. पगार ७ ला होतो ना, मग ८ तारीख टाक, २५ नको, २५ ला काही राहत नसतं. २,६०० कापायची तुला सवय झालेलीच आहे, आधी ॲपवाला कापत होता, आता तू काप. वर्षात ३१,२०० आणि वर व्याज. त्याला हात लावायचा तो नोकरी गेली, दवाखाना लागला तर, मित्राच्या हळदीसाठी नाही. नंतर पोस्टाची पाच वर्षांची कर, आत्ताच्या ६.७ टक्क्यांनी महिन्याला २,००० चे पाच वर्षांत १ लाख ४२ हजारच्या वर होतात. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठराविक रक्कम, ती पण कर, ५०० ने, इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातल्या कंपन्यांत पैसे टाकणाऱ्या फंडात), पण मोबाईलचा हप्ता संपल्यावर, त्याच्या आधी नाही.

वडील गावातल्या पतसंस्थेत ठेव म्हणतील, तिथे टक्का-दीड टक्का जास्त मिळतो. बँक बुडाली तर एका माणसाचे ५ लाखापर्यंत विम्यातून परत मिळतात, सहकारी बँकेला पण ते लागू आहे, पतसंस्थेला नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांत पैसे अडकलेले म्हातारे लोक ठेवीच्या पावत्या पिशवीत घेऊन किती वर्षं फिरले ते तुझ्या वडिलांना माहीत आहे, त्यांनाच विचार.

एक गोष्ट तुझ्या लक्षातच आलेली दिसत नाही. तू लिहिलंयस शिल्लक काहीच नाही. पगाराची स्लिप काढ. पीएफचे तुझे १,८०० कापतात, कंपनी पण तेवढेच टाकते, त्यातले १,२५० पेन्शनला जातात आणि ५५० तुझ्या पीएफला, म्हणजे महिन्याला २,३५० तुझ्या नावावर जमा होतात आणि गेल्या दोन वर्षांत त्यावर सव्वाआठ टक्के व्याज मिळालंय. चार वर्षांचे लाखाच्या वर झाले असतील. यूएएन (तुझा पीएफचा नंबर) टाकून पासबुक बघ, कंपनी खरंच दर महिन्याला भरतेय का तेही कळेल. आणि ते काढू नको! पोरं नोकरी बदलली की पीएफ काढून गाडी घेतात, तू ट्रान्सफर कर. त्याच स्लिपवर ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, १५४ रुपये कापलेले दिसतील, त्याच्यावर तुझाच नाही, तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही इलाज होऊ शकतो, त्यांची नावं टाकलीयेस का कार्डात? बहुतेक नसशील. बँकेत जाऊन २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ चा जीवन विमा हे दोन्ही फॉर्म भर, वर्षाला ४५६ रुपये, दोन्हींत २-२ लाख. तू रोज हायवेवरून गाडीने जातोस, घरात पगार आणणारा तू एकटा.

रूममेटचं एका ओळीत संपवते. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये हिशेब काढला, २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ मध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन, तो करतो तेच) उतरलेल्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, माणशी सरासरी २ लाख. तुझ्या रूममेटने डबल केले असतील तर त्याला म्हण मेसचे पैसे तू भर या महिन्यात.

आता लग्न. हे खरं दुखणं आहे आणि पत्रात तू ते सोन्याच्या आणि सुरतच्या मधे दडवून ठेवलंस. ४ लाखाचं पर्सनल लोन पाच वर्षांसाठी १४ टक्क्यांनी धरलं तर हप्ता येतो ९,३००. गाडीचा धरून १३,२००. उरतात ५,१००, त्यात रूम आणि मेस गेली की राहिले ८००. बँक देईल रे, पण भरणार कोण? त्यात पुढे तुझं लग्न.

आणि ४ लाख कशाचे ते तू लिहिलंच नाहीस. मंडप, जेवण, डीजे, कपडे असा कागद झालाय का, की समोरच्यांनी आकडा सांगितलाय आणि घरात त्याला "देणं-घेणं" म्हणतात? तसं असेल तर तो हुंडा आहे, १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याच्यासाठी कर्ज काढणाऱ्या भावाला मी हप्त्याचा हिशेब करून देणार नाही. तसं नसेल तर कागदावर यादी करा, डीजे आणि दोन-दोन जेवणावळी कापा, समाजाच्या सामुदायिक विवाहाचं बघा, साखरपुड्यातच लग्न उरकणारे आता आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यांना कोणी नावं ठेवत नाही, चार दिवस ठेवतात मग विसरतात. आणि बहिणीला विचारलंय का कोणी? ती शिकतेय की घरी आहे, तिला पुढच्याच आखाजीला करायचंय का, पूर्ण पत्रात तिचं एक वाक्य नाही.

सोन्यावरून वडिलांशी भांडू नको, लग्नात सोनं लागणारच आहे आणि जळगावचं सोनं म्हटल्यावर आपल्या माणसाला समजावून उपयोग नसतो. फक्त बचत म्हणून दागिना घेऊ नका, ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ देऊन घेतो आणि मोडताना घडणावळ गेलेली असते. बहिणीला जे घालायचंय तेच, हॉलमार्कचा एचयूआयडी नंबर बघून, पक्कं बिल घेऊन.

वडिलांकडे दुसरंच एक काम आहे. कृषी केंद्रातून बियाणं-खत उधारीवर आणतात का? उधारीचा भाव वेगळा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. सोसायटीचं पीककर्ज ३ लाखापर्यंत मुदतीत भरलं तर राज्याच्या सवलतीमुळे व्याज शून्य पडतं. पण माफी येईल म्हणून थकवून ठेवलं असेल तर ती सवलत गेली, आणि सोसायटी दारात उभी करत नाही. येत्या रविवारी घरी जाशील तेव्हा सातबारा, सोसायटीचं खातं आणि उधारीची चिठ्ठी तिन्ही घेऊन वडिलांसोबत बस. चिडतील, म्हणतील तू मला हिशेब विचारतो का. तेव्हा पहिले तुझी पगाराची स्लिप आणि हे तीन हप्ते त्यांच्यासमोर ठेव, त्यांना बहुतेक ॲपच्या लोनचं माहीतच नाही. झोप तुझी तिथे अडकलीय असं मला वाटतं.

राहिलं सुरत. चुलतभावाला पगार किती ते विचारू नको, हातात किती येतात, खोलीचं भाडं किती, पीएफ कापतात की रोखीत देतात, महिन्यात सुट्ट्या किती, हे विचार. फिटरचं काम पाच हजार जास्त देऊन पीएफसकट मिळत असेल तर खुशाल जा, गाडीत बसलं की सुरत काही लांब नाही. रोखीत देणारा असेल तर जळगाव सोडू नको. आणि जायचं ठरलं तरी ॲप बंद करून मग जा.