‘प्रीती कर’ हा आज्ञार्थ कसा?

प्रश्न असा: प्रेम आपोआप वाटतं, मग ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ अशी आज्ञा बायबल कशी देतं?

‘मला त्याच्याबद्दल प्रेम वाटतं’ या वाक्यात ‘मला’ चतुर्थीत आहे. वाटणं माझ्या हाती नसतं, म्हणून या रचनेचा आज्ञार्थच होत नाही. ‘मी त्याच्यावर प्रीती करतो’ यात मात्र ‘मी’ कर्ता आहे. मराठी बायबलने ही दुसरी रचना घेतली आणि ती ‘प्रीती’साठीच्या मूळ ग्रीक ‘अगापे’ या शब्दाला चपखल बसते. लूक ६:२७-२८ पाहा. ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ म्हटल्यावर लगेच कृती येतात: द्वेष करणाऱ्यांचं बरं करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. मन तयार होईपर्यंत थांबायला तिथे सांगितलेलंच नाही.

प्रीती कशी असते ते सांगणाऱ्या बायबलमधल्या १ करिंथ १३ या अध्यायातल्या ‘सहनशील’, ‘परोपकारी’ या विशेषणांच्या जागीही ग्रीकमध्ये क्रियापदंच आहेत. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘अपकार स्मरत नाही’. मूळ शब्द ‘लोगिझेताइ’, म्हणजे हिशेबात धरणं, कुणाच्या नावावर मांडणं. घरात याचा अर्थ अगदी रोकडा आहे. कुणी उशिरा आलं, तर आजच्या उशिराबद्दलच बोलायचं. ‘तू नेहमीच असं करतोस’ म्हटलं की जुनी खतावणी उघडली. ‘मी तुझ्यासाठी इतकं केलं’ ही त्याच वहीतली जमेची बाजू, आणि ती जास्त फसवी, कारण ती लिहिताना आपण चांगलं वागतोय असंच वाटत असतं. परतफेड हवी असेल तर आधीच तसं सांगून उसनं द्यावं. त्यात कमीपणा नाही.

‘सहनशील’चा अर्थ मात्र सर्रास चुकतो. ‘माक्रोथुमेइ’ म्हणजे राग लांबवणं, निमूट सोसत राहणं नव्हे. त्याच उताऱ्यात प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यात मानते, असंही आहे. मत्तय १८:१५-१७ मध्ये तर क्रमच दिलाय: आधी अपराध करणाऱ्याला एकांतात त्याचा अपराध दाखवायचा, ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना सोबत न्यायचं, मग मंडळीला, म्हणजे चर्चला, कळवायचं. आपण बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो, आधी चार जणांना सांगतो. मारहाण होत असेल तर एकांतातल्या बोलण्याची वाट धरू नये; आधी सुरक्षित जागी जावं आणि मदत मागावी.