‘फॉरेस्ट’ला जंगल म्हणावं की रान?

विचारणा अशी आहे: इंग्लंडच्या ससेक्समधल्या अ‍ॅशडाउन फॉरेस्टवरचा मजकूर मराठीत आणताना ‘अ‍ॅशडाउनचं जंगल’ असं लिहिलं. पुढे मात्र तिथे झाडं तोडून ‘हीथ’ वाचवतात असं आहे. जंगल वाचवायला झाडं तोडतात, हे वाचकाला कसं पटायचं? आणि हीथला मराठीत काय म्हणायचं?

घोटाळा ‘जंगल’ या शब्दाने केलाय. आज जंगल म्हटलं की दाट झाडीच डोळ्यांपुढे येते. इंग्रजी ‘फॉरेस्ट’चा मूळ अर्थ तसा नव्हता. मध्ययुगीन लॅटिनमधला ‘फोरेस्टिस’ हा त्याचा पूर्वज, आणि तो ‘फोरिस’ म्हणजे ‘बाहेर’ यावरून आला असं बहुतेक जण मानतात. नॉर्मन राजांनी १०६६ नंतर हा शब्द इंग्लंडात रुजवला तो कायद्याचा शब्द म्हणून. राजाच्या शिकारीसाठी राखलेला, नेहमीच्या कायद्याबाहेरचा मुलूख म्हणजे फॉरेस्ट. त्यात झाडी असे, माळ असे, दलदल असे, गावंसुद्धा असत. तिथलं हरीण मारलं तर जिवावर बेतायचं. ‘आमच्या शिकारीपायी यापुढे कोणी जीव किंवा हातपाय गमावणार नाही’ या अर्थाचं कलम १२१७ च्या वनसनदेत, म्हणजे फॉरेस्टच्या कायद्यांबद्दल राजाने दिलेल्या सनदेत, घालावं लागलं, यावरून काय ते समजा.

आता गंमत पाहा. ‘अरण्य’ हा शब्द ‘अरण’ म्हणजे परका, दूरचा, यावरून आलेला. म्हणजे इथेही मुळाशी झाड नाही, गावाबाहेरचेपण आहे. ‘जंगल’चं मूळ ‘जाङ्गल’. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, उघडा प्रदेश. दोन्ही शब्द पुढे झाडीत शिरले. अरण्यावरूनच ‘रण्ण’ होत आलेला ‘रान’ मात्र मोकळाच राहिला. रानात वाघही असतो आणि ‘बाबा रानात गेलेत’ म्हणजे शेतावरही गेलेले असतात. माळरान, गायरान यांत तर झाड असायलाच हवं असं नाही. हाकारे घालून ‘रान उठवणं’ हा शिकारीचाच शब्द. म्हणून माझं ठाम मत: अ‍ॅशडाउनचं ‘रान’ लिहा.

नावातल्या ‘अ‍ॅश’मुळे तिथे अ‍ॅशची झाडं फार असतील असं समजू नका. बहुधा ‘एस्का’ या माणसाच्या किंवा टोळीच्या नावावरून, ‘एस्काची टेकडी’ म्हणून ते नाव पडलं. या रानाभोवती २३ मैलांचं कुंपण होतं: खंदक, मातीचा बांध आणि वर ओकच्या फळ्या. त्याला ३४ दारं. गाडीवाटेचं ते ‘गेट’, पायवाटेचं ते ‘हॅच’. कुंपण गेलं, पण चेलवुड गेट, चक हॅच, कोलमन्स हॅच ही गावं अजून त्या दारांची नावं सांगतात. भाषांतरात ही नावं जशीच्या तशी ठेवा आणि अर्थ एकदा सांगून टाका.

हीथ म्हणजे नापीक, आम्लधर्मी जमिनीवरचा खुरट्या झुडपांचा माळ. जांभळ्या फुलांचं हीदर, पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स. नुसतं ‘माळरान’ लिहिलं तर गवत डोळ्यांसमोर येतं. म्हणून मी ‘झुडपी माळ’ म्हणेन. हा माळ निसर्गाने एकट्याने केलेला नाही. आसपासच्या लोकांना तिथे गुरं चारायचा, सरपण न्यायचा हक्क होता. १६९३ मध्ये रानाची वाटणी झाली तेव्हा सुमारे ६,४०० एकर त्यांच्यासाठी सामाईक राहिलं. नेचे आणि हीदर कापून ते गोठ्यात गुरांखाली अंथरत. त्याला तिथे ‘लिटर’ म्हणतात. इथे ‘कचरा’ असं भाषांतर करू नका, अर्थाचा पार अनर्थ होईल! त्या लिटरवरून अर्ल डी ला वॉर या जमीनमालकाने खटला भरला. १८८१ मध्ये अपील न्यायालयाने वर्षानुवर्षांच्या वहिवाटीचा आधार मानून कापणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे १८८५ च्या कायद्याने रान सांभाळायला ‘कन्झर्व्हेटर्स’ नेमले गेले. यांना ‘वनरक्षक’ म्हणू नका, ते पद वेगळं; ‘संवर्धक मंडळ’ बरं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चराई आणि कापणी घटली आणि माळावर नेचे, पाइन, बर्च चढले. (बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद, शब्दही सगोत्र.) उघड्या जमिनीवरच अंडी घालणारा रातवा आणि गॉर्सच्या आडोशाने राहणारा डार्टफर्ड वटवट्या या पक्ष्यांची जागाच त्यामुळे आक्रसते. म्हणून झाडं काढायची, नेचे कापायचे, मेंढ्या आणि तट्टं सोडायची. मराठीत या दुखण्याला आयता शब्द आहे: रान माजणं.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘अ‍ॅशडाउनच्या रानाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग झुडपी माळ आहे. चराई कमी झाल्यापासून रान माजू लागलं. आता संवर्धक मंडळ वाढलेली झाडं काढून माळ मोकळा ठेवतं.’