लहान दुकानातच 'कृपया थांबा' खिडकी का अडकते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोलीच्या काही किराणा दुकानांसाठी आपण सी शार्प ही भाषा आणि विनफॉर्म्स हे विंडोजच्या खिडक्या बनवण्याचे साधन वापरून बिलिंगचा प्रोग्राम लिहिला आहे. साठा जुळवणीचे बटण दाबले की एक वेगळा थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा कामाचा धागा, सुरू होतो, पुढच्याच ओळीत शोडायलॉग या आज्ञेने 'कृपया थांबा' ही मोडल खिडकी, म्हणजे बंद होईपर्यंत मागच्या खिडक्यांना हात लावू न देणारी खिडकी, उघडते आणि काम संपले की तो थ्रेड इन्व्होक करून, म्हणजे खिडक्या सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडला सांगून, खिडकी बंद करतो. बारा हजार वस्तूंच्या दुकानात हे सुरळीत चालते, पण दोनशे वस्तूंच्या दुकानात खिडकी अधूनमधून उघडीच राहते आणि शेवटी टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारावा लागतो. जास्त काम असताना चालणारी गोष्ट कमी काम असताना का अडते, असे आपण विचारले आहे.

लहान दुकानातले काम खिडकी तयार होण्याच्या आधीच संपते, हे त्याचे कारण आहे. विनफॉर्म्समध्ये फॉर्मचा, म्हणजे खिडकीचा, ऑब्जेक्ट प्रोग्राममध्ये तयार झाला म्हणजे विंडोजकडे खिडकी तयार झाली असे होत नाही. खिडकीचे हँडल, म्हणजे विंडोज तिला देते ती ओळखखूण, शोडायलॉग चालू झाल्यावर तयार होते, आणि हँडल नसलेल्या फॉर्मवर इन्व्होक केले तर इनव्हॅलिड ऑपरेशन ही त्रुटी येते. आपण दिलेल्या कोडमध्ये इन्व्होकच्या भोवती ट्राय-कॅच, म्हणजे त्रुटी पकडण्याची रचना, आहे आणि कॅचचा भाग रिकामा आहे. त्यामुळे थ्रेड खिडकी बंद करायला येतो, त्याला खिडकी सापडत नाही, त्रुटी रिकाम्या कॅचमध्ये गडप होते आणि थ्रेड संपतो. त्यानंतर क्षणभराने खिडकी उघडते आणि तिला बंद करणारे कोणीच उरलेले नसते. बारा हजार वस्तूंना काही सेकंद लागतात, तोवर खिडकी केव्हाच उघडलेली असते, म्हणून मोठ्या दुकानात हा दोष दिसत नाही.

काही जण यावर इन्व्होक-रिक्वायर्ड, म्हणजे इन्व्होक करण्याची गरज आहे का हे सांगणारा गुणधर्म, तपासण्याचा सल्ला देतील, पण या जागी तो उपाय लागू पडत नाही. हँडल तयार नसेल तर दुसऱ्या थ्रेडमधून विचारले तरी ते 'नाही' असेच उत्तर देते, आणि मग आपला कोड चुकीच्या थ्रेडमधून थेट खिडकीला हात घालतो. थ्रेड सुरू केल्यावर अर्धा सेकंद झोपवून ठेवणे हाही उपाय नव्हे. मंद यंत्रावर तो अर्धा सेकंद पुरणार नाही आणि दोष तसाच राहील, फक्त शोधायला अधिक कठीण होईल.

येथे शोडायलॉग नेमके काय करते ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण या विषयातल्या बहुतेक चुका त्याविषयीच्या एका गैरसमजातून होतात. विंडोजमधील प्रत्येक खिडकी ज्या थ्रेडने तयार केली त्याच्याशी बांधलेली असते. त्या थ्रेडकडे संदेशांची एक रांग असते, आणि माऊसचे क्लिक, कीबोर्डच्या कळा, खिडकी पुन्हा रंगवण्याची विनंती, टायमरचे ठोके हे सगळे त्या रांगेतून एकेक करून उचलले जाते. मुख्य थ्रेड एखाद्या लांब कामात गुंतला की रांग तुंबते, आणि सुमारे पाच सेकंद कोणी रांगेकडे पाहिले नाही तर विंडोज ती खिडकी 'प्रतिसाद देत नाही' असे जाहीर करून फिकट करते. शोडायलॉग मात्र मुख्य थ्रेडला असे झोपवत नाही. ते त्या थ्रेडच्या बाकीच्या खिडक्या निष्क्रिय करते आणि स्वतःच्या आत रांग उपसण्याचा दुसरा फेरा सुरू करते. डायलॉग बंद झाला की हा आतला फेरा संपतो आणि पुढची ओळ चालू होते.

म्हणजे मोडल डायलॉग वापरणाऱ्याला थांबवतो, प्रोग्रामला नाही. हे स्वतः पाहायचे असेल तर मुख्य खिडकीवर एक लेबल ठेवून विनफॉर्म्सच्या टायमरने त्यात दर सेकंदाला वेळ लिहा, आणि मग एखादा मोडल डायलॉग उघडा. मागची खिडकी क्लिकला दाद देणार नाही, पण तिच्यावरचे घड्याळ चालूच राहील. तो टायमर जर दर मिनिटाला डेटाबेसमधून साठा पुन्हा वाचत असेल, तर 'कृपया थांबा' दिसत असतानाही तो वाचतच राहील आणि आपल्या थ्रेडने अर्धवट बदललेली यादी हाती घेईल. मोडल खिडकी म्हणजे कुलूप, असे मानून लिहिलेला कोड म्हणूनच धोक्याचा असतो.

आता दुरुस्तीकडे वळतो. थ्रेड बाहेर सुरू करून मग खिडकी उघडू नका. आधी खिडकी उघडा आणि काम खिडकीलाच सुरू करू द्या. त्यासाठी फॉर्मची शोन ही घटना योग्य आहे. खिडकी पहिल्यांदा पडद्यावर आली की ती घडते, आणि तोवर हँडल निश्चितपणे तयार असते. त्या घटनेचा हँडलर, म्हणजे ती घडली की चालणारा कोड, असिंक करा, त्यात टास्क-रनने जुळवणीचे काम पार्श्वभूमीला पाठवा आणि त्यावर अवेट करा, म्हणजे मुख्य थ्रेड न अडवता ते संपण्याची वाट पाहा. अवेटनंतरची ओळ आपोआप मुख्य थ्रेडवर येते, म्हणून इन्व्होक लिहावेच लागत नाही, आणि खिडकी बंद करण्याची ओळ फायनलीच्या, म्हणजे त्रुटी आली तरी चालणाऱ्या, भागात ठेवली की काम यशस्वी झाले काय किंवा फसले काय, खिडकी बंद होतेच. आलेली त्रुटी मात्र गिळू नका. ती डायलॉगच्या एका गुणधर्मात साठवा आणि शोडायलॉग परतल्यावर मुख्य खिडकीने ती वाचून दुकानदाराला समजेल अशा शब्दांत दाखवावी. असिंक-अवेट २०१२ साली सी शार्प ५ सोबत आले. त्याहून जुन्या प्रोग्रामवर काम करावे लागत असेल तर २००५ च्या डॉट नेट २ पासूनचा बॅकग्राउंडवर्कर हेच काम करतो, फक्त त्यालाही शोन मधूनच सुरू करा.

यानंतरचा भाग मी जरा विस्ताराने लिहिते, कारण त्याची किंमत मी मोजलेली आहे. मी फोंड्यात राहते आणि गेली अनेक वर्षे उत्तर गोव्यातील दुकानांसाठी असेच प्रोग्राम लिहिते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा शुक्रवार होता, म्हणजे म्हापशाचा बाजार आणि सणाची खरेदी एकाच दिवशी. तिथल्या एका घाऊक दुकानात माझा प्रोग्राम होता आणि त्यातल्या 'कृपया थांबा' खिडकीच्या कोपऱ्यात नेहमीची फुली तशीच होती. काउंटरसमोर रांग लागलेली असताना हिशेबनीस काकांनी आवक नोंदवण्याचे बटण दाबले, खिडकी बराच वेळ हलेना म्हणून फुली दाबून ती बंद केली आणि बटण पुन्हा दाबले. खिडकी बंद झाली होती, पण मागचा थ्रेड चालूच होता. दोन थ्रेडनी तीच आवक दोनदा चढवली. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "ताई, साखरेची पोती चाळीस आहेत आणि संगणक ऐंशी सांगतो." मी रात्री म्हापशाला गेले आणि आम्ही तिघांनी गोदामात पोती, डबे, पेट्या हाताने मोजल्या. काकांचे काहीच चुकले नव्हते. बंद करण्याची सोय मी दिली होती आणि ती दाबल्यावर काम थांबेल याची व्यवस्था मात्र केली नव्हती.

म्हणून बंद करण्याचा प्रत्येक मार्ग एकाच ठिकाणी अडवा. फुली, एस्केप, ऑल्ट-एफ-फोर आणि आपले 'रद्द करा' हे बटण, सगळे फॉर्म-क्लोजिंग या घटनेतून जातात. काम चालू असेल तर तिथे बंद होणे नाकारा, कॅन्सलेशन टोकनला, म्हणजे काम थांबवायचे आहे हे थ्रेडला कळवणाऱ्या ऑब्जेक्टला, रद्द करण्याची खूण द्या, बटण निष्क्रिय करा आणि मजकूर 'थांबवत आहे' असा बदला. जुळवणीच्या फेऱ्यात प्रत्येक वस्तूनंतर ते टोकन तपासले जाऊ द्या. थ्रेड खरोखर थांबला, डेटाबेसचा व्यवहार, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारे बदल, मागे फिरवला गेला, त्यानंतरच खिडकी बंद करा. हा क्रम पाळला की डायलॉग बंद झाला या गोष्टीचा अर्थ 'मागे काहीही चालू नाही' एवढाच उरतो आणि पुढचा सगळा कोड त्यावर निर्धास्तपणे विसंबू शकतो. थ्रेड-अबॉर्टने थ्रेड जागच्या जागी मारण्याचा मोह होईल, पण तो व्यवहाराच्या मध्येच तुटतो, आणि डॉट नेट कोअरपासून पुढे ती सोय काढूनच टाकलेली आहे.

आपल्या कोडमध्ये आणखी एक जागा मला खटकली. प्रोग्राम बंद होताना आपण मुख्य थ्रेडवर जॉईन करून पार्श्वभूमीच्या थ्रेडची वाट पाहता. त्याच वेळी तो थ्रेड इन्व्होकमध्ये असेल तर तो मुख्य थ्रेड मोकळा होण्याची वाट पाहील आणि मुख्य थ्रेड त्याची, आणि दोघेही कायमचे अडकतील. टास्कच्या रिझल्टवर मुख्य थ्रेडने थांबणे हा याच चुकीचा नवा अवतार आहे. मुख्य थ्रेडने कोणाचीही वाट थांबून पाहू नये, अवेट करावे.

प्रगतीपट्टीविषयी आपण विचारलेले नाही, पण आपल्या कोडमध्ये प्रत्येक वस्तूमागे एक बिगिन-इन्व्होक, म्हणजे पूर्ण होण्याची वाट न पाहता केलेले इन्व्होक, आहे. बारा हजार वस्तूंना बारा हजार संदेश मुख्य थ्रेडच्या रांगेत पडतात. विंडोज खिडकी रंगवण्याचा संदेश रांगेत दुसरे काही उरलेले नसेल तेव्हाच देते, आणि टायमरचेही तसेच आहे. त्यामुळे आपल्याच संदेशांचा लोंढा चालू असेपर्यंत खिडकी रंगवली जात नाही, म्हणजे पट्टी पुढे सरकावी म्हणून केलेल्या खटपटीमुळेच ती गोठलेली दिसते. मागच्या सूचनेला शंभर मिलिसेकंद झाले असतील तरच नवी सूचना पाठवा. माणसाच्या डोळ्याला तेवढी पुरते. प्रोग्रेस हा तयार वर्ग मुख्य थ्रेडवर निर्माण करून कामाला दिला तर सूचना योग्य थ्रेडवर पोचतात, पण त्यांची गर्दी तो आवरत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.

पार्श्वभूमीच्या थ्रेडमधून मेसेज-बॉक्स दाखवू नका. त्याला मालक खिडकी नसते, म्हणून तो कधी मुख्य खिडकीच्या मागे जाऊन लपतो, आणि तो दुसऱ्या थ्रेडचा असल्याने मुख्य खिडकी निष्क्रियही होत नाही. 'जुनी नोंद आहे, बदलू का?' असले प्रश्न काम सुरू करण्याआधीच विचारून घ्या. डू-इव्हेंट्स फेऱ्यात घालून थ्रेडशिवाय भागवण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. त्याने रांग उपसली जाते हे खरे, पण त्या रांगेत त्याच बटणाचा दुसरा क्लिकही असतो, आणि म्हापशाला झाले तेच एका थ्रेडमध्ये घडते.

आणि मुळात मोडल खिडकी प्रत्येक कामाला हवीच का, हेही पाहा. साठा बदलणारे काम चालू असताना बिल होऊ नये, म्हणून तिथे ती योग्य आहे. ३१ मार्चचे वर्षअखेरीचे काम असेल तर माझ्या मते ती आवश्यकच आहे. पण महिन्याचा विक्री अहवाल नुसता वाचून काढायचा असेल तर काउंटर अडवण्याचे कारण नाही. तेवढे एक बटण निष्क्रिय करा, खालच्या पट्टीत 'अहवाल तयार होत आहे' असे लिहा आणि गिऱ्हाइकाचे बिल होऊ द्या.

आपण पहिल्यांदा तो रिकामा कॅच काढा, म्हणजे मी म्हणते ती त्रुटी आपल्याच डोळ्यांना दिसेल. मग काम शोन मध्ये हलवा आणि तीन प्रकारे चालवून पाहा: एकही वस्तू नसलेल्या रिकाम्या डेटाबेसवर, फेऱ्यात मुद्दाम तीस सेकंदांचा विलंब घालून, आणि त्या तीस सेकंदांत एस्केप, फुली व 'रद्द करा' हे तिन्ही एकापाठोपाठ भराभर दाबून. तिसऱ्या चाचणीनंतर साठ्याचे आकडे चाचणीपूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहा. ते तंतोतंत जुळले तरच ही आवृत्ती दुकानात बसवा.