आडवी रेष म्हणजे गाडी उभी?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. चाचणीत एसटीच्या फेरीचा चाल-काल आलेख दिला होता. रेष आधी चढते, मग बराच वेळ आडवी जाते, शेवटी उतरते. त्याने लिहिलं, 'बस घाट चढली, वर थांबली, मग घाट उतरली.' गुण शून्य. घरी येऊन वर हुज्जत घालतो, 'आडवी रेष म्हणजे गाडी उभीच शे ना!' काय सांगू त्याला?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, त्याला आधी उभ्या अक्षावर बोट ठेवायला लावा. तिथे 'अंतर' लिहिलेलं असतं, तर आडवी रेष म्हणजे उभी गाडी हे अगदी बरोबर. घड्याळ पुढे चाललंय, अंतर आहे तिथेच. पण इथे लिहिलंय 'चाल'. मग आडवी रेष म्हणजे ड्रायव्हरसमोरचा काटा एका आकड्यावर ठरलाय आणि गाडी त्याच चालीने पळतेय. गाडी उभी राहिली की रेष थेट खालच्या अक्षाला टेकते.

घाटाची तर गंमतच आहे. चाळीसगावहून कन्नडकडे निघालेली बस औट्रम घाटाला लागली, की ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो आणि गाडी रांगायला लागते. गाडी डोंगर चढतेय, चालीची रेष मात्र उतरतेय! पोरं रेषेत रस्ता बघतात, तिथेच फसतात.

आता एक हिशेब त्याच्याकडून करून घ्या. एरंडोलच्या स्टँडवरून बस निघाली, ३० सेकंदांत ताशी ५४ किलोमीटरला पोचली, ४ मिनिटं तशीच चालली आणि हात दाखवणाऱ्या प्रवाशासाठी १० सेकंदांत थांबली. ताशी ५४ म्हणजे सेकंदाला १५ मीटर. रेषेखाली तीन तुकडे पडतात. पहिला त्रिकोण ३० गुणिले १५ च्या निम्मा, २२५ मीटर. मधला आयत २४० गुणिले १५, म्हणजे ३६०० मीटर. शेवटचा त्रिकोण ७५ मीटर. एकूण ३९०० मीटर, जवळजवळ चार किलोमीटर. किलोमीटरचे दगड न मोजता, नुसत्या रेषेखालच्या क्षेत्रफळावरून अंतर निघालं. या एका गोष्टीसाठी मला हा आलेख फार आवडतो.

त्रिकोणांचे उतारही बघायला सांगा. निघतानाची रेष सावकाश चढते, ब्रेकची धाडकन उतरते. सेकंदाला अर्धा मीटर चाल वाढत होती, ती दीड मीटरने घटली. उभ्या प्रवाशांना हा फरक आलेखाशिवाय कळतो!

पुस्तकातले आलेख पट्टीने काढलेले असतात, हे मात्र खरं. खऱ्या बसची रेष अशी सरळ चढत नाही. क्लच दाबून गिअर बदलेपर्यंत चाल वाढत नाही, उलट किंचित पडते. त्यामुळे चढणीवर बारीक बारीक पायऱ्या दिसतात.

रेष अक्षाच्या खाली जाते का, हे तो विचारेलच. चालीची कधीच जात नाही. पण पुस्तकात 'वेग-काल आलेख' असेल, तर वेगाला दिशा असते. पुढे जाणं अधिक धरलं, तर स्टँडवर कंडक्टर 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत गाडी मागे घेतो, तेवढा वेळ रेष शून्याच्या खाली जाते.