मुलाखतीवर संहिता लिहू पाहणाऱ्यास पत्र

प्रिय लेखकमित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझी संहिता वाचली. पायउतार झालेल्या मंत्र्याची टीव्हीवरील मुलाखत हा विषय तू चांगला निवडलास, पण अर्ध्या वाटेवरच मंत्र्याला रडवलेस आणि पुढच्या पानांना काही कामच उरले नाही. तेव्हा राजीनामा दिलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या टीव्ही मुलाखतीवरचा, रॉन हॉवर्ड यांचा २००८ सालचा ‘फ्रॉस्ट/निक्सन’ हा चित्रपट पुन्हा एकदा पाहा. या वेळी अभिनयासाठी नव्हे, बांधणीसाठी.

चित्रपटाचे लेखक पीटर मॉर्गन यांनी हा विषय आधी नाटकात हाताळला होता. ते नाटक २००६ मध्ये लंडनच्या डॉनमार वेअरहाउसमध्ये रंगभूमीवर आले आणि त्यातील फ्रँक लँगेला व मायकेल शीन हीच जोडी पुढे पडद्यावर आली. मूळ घटना तुला ठाऊक आहेच. विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घरफोडी आणि तिची लपवाछपवी, म्हणजेच वॉटरगेट प्रकरण, यामुळे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला, आणि महिनाभरातच त्यांच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना पूर्ण माफी देऊन टाकल्याने खटल्याची शक्यता मावळली. जे प्रश्न न्यायालयात विचारले गेले असते, ते विचारण्याची पाळी अशा रीतीने १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट या ब्रिटिश सूत्रसंचालकावर आली, ज्याचे नाव लोकांच्या तोंडी होते ते मुख्यतः करमणुकीच्या कार्यक्रमांमुळे.

आता पैशाकडे लक्ष दे. निक्सन यांना सहा लाख डॉलर आणि वर नफ्याचा पाचवा हिस्सा द्यायचे ठरले होते. मोठ्या वाहिन्यांनी पाठ फिरवल्यावर फ्रॉस्ट यांना देशभरातील स्थानिक केंद्रे एकेक करून जोडावी लागली आणि जाहिरातदारांचे उंबरे झिजवावे लागले. मुलाखत फसली असती तर हा माणूस धुळीला मिळाला असता, आणि म्हणूनच त्याच्या प्रत्येक प्रश्नाला वजन येते. तुझ्या मुलाखतकाराचे काय पणाला लागले आहे? मला तरी काही सापडले नाही. जाता जाता सांगतो, चित्रपटाने सहा लाखांची रक्कम दाखवली, नफ्याचा हिस्सा मात्र गाळला, आणि ही मला मोठी चूक वाटते. कार्यक्रम गाजण्यात आरोपीचाही आर्थिक फायदा आहे, म्हणजे समोरासमोर बसलेले दोघे प्रतिस्पर्धी असून भागीदारही आहेत, ही गुंतागुंत कोणत्याही नाटककाराने हातची सोडू नये.

दुसरी गोष्ट तयारीची. निक्सन बोलण्यात तरबेज होते. साध्या प्रश्नाचे उत्तर आठवणींच्या अशा पाल्हाळात बुडवायचे की ऐकणारा मूळ प्रश्नच विसरावा. त्यांना अडवले ते मुलाखतकाराच्या आवाजाने नव्हे, तर जेम्स रेस्टन या संशोधकाने न्यायालयीन कागदपत्रांतून शोधलेल्या, निक्सन आणि त्यांचे सल्लागार चार्ल्स कोल्सन यांच्यातील ध्वनिमुद्रित संभाषणाच्या प्रतीने. चित्रपटात हा कागद ऐन वेळी हाती लागतो, प्रत्यक्षात तो कित्येक महिने आधीच सापडला होता. हा बदल मला खटकत नाही, कारण कागद तोच राहतो, फक्त तो सापडण्याची वेळ पुढे ढकलली जाते. तुझा मुलाखतकार मात्र नुसता ओरडतो. त्याच्या हाती एक तारीख दे, एक सही दे, आणि मग त्याला हळू आवाजात बोलू दे.

शेजारी ठेवलेल्या हातरुमालाचा उपयोगही बारकाईने पाहा. १९६० मध्ये केनेडी यांच्याबरोबरच्या टीव्हीवरील वादविवादात घामेजलेला चेहरा निक्सन यांना महागात पडला होता, आणि ती जखम चित्रपटातले निक्सन विसरलेले नाहीत. वरच्या ओठावरचा घाम टिपायला तो रुमाल हाताशी असतो, आणि एक संवादही न उच्चारता त्यांची भीती आपल्यापर्यंत पोहोचते. तुझ्या मंत्र्याने ‘मला भीती वाटते’ असे तीन ठिकाणी म्हटले आहे. तिन्ही वाक्ये काढून टाक.

आता ज्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे येतो. मुलाखतीआधी एका रात्री निक्सन दारूच्या अमलाखाली फ्रॉस्ट यांना दूरध्वनी करतात, तो प्रसंग सर्वस्वी काल्पनिक आहे, आणि तरीही तो मला मान्य आहे. त्या रात्री हा माणूस एकटा असताना काय बोलला, हे कोणत्याही चित्रफितीवर नाही. ती जागा मोकळी होती आणि लेखकाने ती भरली. पण मुलाखत तर चित्रित झालेली आहे. ४ मे १९७७ रोजी वॉटरगेटवरचा भाग सुमारे साडेचार कोटी अमेरिकनांनी पाहिला. राष्ट्राध्यक्षाने एखादी गोष्ट केली की ती बेकायदेशीर राहत नाही, हे निक्सन यांचे विधान प्रत्यक्षात देशांतर्गत पाळतीच्या एका योजनेबद्दलच्या प्रश्नावर आले होते. चित्रपटाने ते उचलून वॉटरगेटच्या अखेरच्या झटापटीत बसवले. त्याहून गंभीर म्हणजे, बेकायदेशीर लपवाछपवीत आपण सामील होतो असे म्हणायला निक्सन यांनी स्पष्ट नकार दिला होता, तर पडद्यावरचे निक्सन त्या दिशेने बरेच पुढे जातात. देशाला आपण निराश केले, असे ते खरोखरच म्हणाले होते. परंतु ती व्यथेची भाषा होती, गुन्ह्याच्या कबुलीची नव्हे. नकार तसाच ठेवून चेहरा दाखवला असता, तर तो शेवट अधिक भेदक झाला असता, असे माझे ठाम मत आहे.

तुझा मंत्री काल्पनिक आहे, त्यामुळे साक्ष बदलल्याचा दोष तुला लागणार नाही. तरीही तिसऱ्या प्रवेशात त्याला कबुली देऊ नकोस. कागद समोर ठेव, त्याला बोलू दे, आणि तो कुठे थांबतो ते लिही. एवढा एकच प्रवेश नव्याने लिहून पाठव. बाकीचे त्यानंतर पाहू.

कळावे, लोभ असावा.