वाचकांचे प्रश्न : डब्यावर ३२००, स्क्रीनवर २१३३

प्रश्न : गेमिंगसाठी नवीन कॉम्प्युटर जोडून घेतला. रायझन ५ ५६००, बी ४५० बोर्ड आणि ८ जीबीच्या दोन रॅम. डब्यावर ३२०० छापलंय, पण टास्क मॅनेजर २१३३ दाखवतो आणि सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर तर १०६६. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला का?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : माल बहुधा बरोबर आहे, एक सेटिंग चालू करायचं राहिलंय. आधी १०६६ चं कोडं. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. सीपीयू-झेड ठोके मोजतो, टास्क मॅनेजर दुप्पट करून सांगतो. दोन्ही आकडे एकच आहेत.

आता २१३३ का? रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात वेगांची यादी साठवलेली असते. त्यातले काही वेग कुठल्याही बोर्डवर चालतील असे सावध, तर एक कंपनीने तपासलेला जलद प्रोफाइल. त्यात वेग, टायमिंग (रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते ते आकडे) आणि व्होल्टेज तिन्ही लिहिलेले असतात. हाच एक्सएमपी, इंटेलने तो २००७ मध्ये आणला. बोर्ड मात्र सांगितल्याशिवाय जलद प्रोफाइल उचलत नाही.

पीसी चालू करताच डिलीट की टपटप दाबत राहा, बायोस म्हणजे बोर्डच्या सेटिंगची स्क्रीन उघडेल. एमएसआयवर एक्सएमपी किंवा ए-एक्सएमपी, गीगाबाइटवर ट्वीकर टॅबमध्ये एक्स्ट्रीम मेमरी प्रोफाइल, असूसच्या एएमडी बोर्डांवर बहुतेक ठिकाणी डीओसीपी या नावाने तेच सेटिंग मिळेल. प्रोफाइल १ निवडा, व्होल्टेज १.३५ झालं का पाहा, एफ १० दाबून सेव्ह करा. मशीन स्वतःहून दोन-तीनदा बंद-चालू होईल. त्या वेळी घाबरून पॉवर बटण दाबू नका, निम्मे घोळ तिथेच होतात.

झाकण उघडलंच असेल तर पट्ट्या कुठे बसवल्यात तेही बघा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारीशेजारी बसवल्या तर त्या बहुतेक बोर्डांवर सिंगल चॅनलवर, म्हणजे दोनाऐवजी एकाच वाटेने चालतात आणि तो तोटा २१३३ वर चालण्याच्या तोट्यापेक्षा मोठा असतो.

फरक किती पडेल ते गेमवर आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ कमी ग्राफिक्सवर खेळत असाल तर फ्रेम वाढतील, मधले झटके कमी होतील. ग्राफिक्स कार्डच ९९ टक्क्यांवर अडकलेलं असेल तर रॅमने फारसं काही हलणार नाही.

प्रश्न : ३६०० च्या ८ जीबी दोन पट्ट्या होत्या, सगळं छान चालायचं. नंतर दुसऱ्या कंपनीच्या ३२०० च्या दोन टाकल्या. एक्सएमपी लावल्यावर पंखे फिरतात, स्क्रीन काळी. आता काय?
– एक वाचक, बीड

उत्तर : पाच-दहा मिनिटं थांबूनही चित्र आलं नाही तर पीसी बंद करून वायर भिंतीतून काढा. पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. मग बोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाचेक मिनिटं काढून ठेवा, किंवा सीएमओएस क्लियरच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवा. बायोस मूळ पदावर येईल. मात्र यात सिक्युअर बूट हे बायोसमधलं सुरक्षेचं सेटिंगही बंद होऊ शकतं आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडायला नकार देतो, ते परत चालू करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्या.

चारही पट्ट्या ठेवायच्याच असतील तर प्रोफाइलचा नाद सोडा आणि आकडे हाताने भरा. दोन्ही स्टिकरवरची टायमिंग शेजारी ठेवून प्रत्येक जागी मोठा आकडा घ्यायचा. समजा एकीवर १६-२०-२०-३८ आणि दुसरीवर १८-२२-२२-४२ आहे, तर १८-२२-२२-४२, वेग ३२००, व्होल्टेज १.३५. तरी उठलं नाही तर २९३३. वेग कमी केला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. १६ जीबीवर भरून वाहणारा गेम ३२ जीबीच्या हळू रॅमवरच बरा चालतो.

आमचं मत विचाराल तर या चारही विकून १६ च्या दोन पट्ट्यांचा एकच संच घ्या. डीडीआर ५ या नव्या पिढीच्या रॅमवर तर चार पट्ट्यांच्या वाटेला जाऊच नका: रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२००, चार पट्ट्यांना फक्त ३६००. आणि घेताना नुसता वेग बघू नका. सीएलचा (टायमिंगमधला पहिला) आकडा गुणिले २०००, भागिले वेग, असं केलं की रॅमला लागणारा उशीर नॅनोसेकंदांत मिळतो, कमी तितका बरा. ३२०० सीएल १६ आणि ३६०० सीएल १८, दोन्ही १०. ६००० सीएल ४० मात्र १३.३.

प्रश्न : रायझन ५ ७६०० आणि डीडीआर ५ ६०००, एक्स्पो (एएमडीचा एक्सएमपीसारखा प्रोफाइल) चालू. हिवाळ्यात एकदाही अडचण नाही. एप्रिल लागला आणि दुपारी गेम आपोआप बंद होतोय, कधी निळी स्क्रीन. रात्री ठीक. खोली पत्र्याची आहे.
– एक वाचक, परभणी

उत्तर : दुपारी बिघडतं, रात्री चालतं, वर पत्रा. संशय उष्णतेवर आहे. रॅमच्या कप्प्यांतला विद्युतभार सतत गळत असतो आणि तो वारंवार भरावा लागतो. पट्टी तापली की गळती वाढते, आणि वेग ताणलेला असेल तर चूक व्हायला वाव मिळतो. शिवाय डीडीआर ५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप पट्टीवरच असते, तिचीही ऊब भर घालते.

एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डीडीआर ५ च्या प्रत्येक पट्टीचं तापमान दिसतं. गेम अर्धा तास चालू द्या आणि आकडा पाहा. साठीच्या पुढे जात असेल तर दिशा बरोबर आहे.

तपासणी मात्र दुपारी दोन वाजता करा. रात्री अकराला मेमटेस्ट ८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चारही फेरे स्वच्छ निघतील आणि तुम्ही फसाल. आणखी एक गोम : मेमटेस्ट चालताना ग्राफिक्स कार्ड थंड असतं. गेममध्ये त्याची गरम हवा थेट रॅमवर येते. म्हणून विंडोजमध्येच रॅम तपासणारं टेस्टमेम ५ लावून सोबत गेम किंवा ग्राफिक्सची चाचणी चालवा. एकही चूक आली तरी ते सेटिंग नापास.

उपाय क्रमाने करा. आधी कॅबिनेट भिंतीपासून हलवा, समोरच्या जाळीवरची धूळ काढा, रॅमवर वारा जाईल असा एक पंखा बसवा. तेवढ्याने भागलं नाही तर एक्स्पो ठेवून फक्त वेग ५६०० करा. व्होल्टेज वाढवून प्रश्न सोडवू नका, उष्णता आणखी वाढेल. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) तर १.३ च्या वर कधीच नको. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने तीच मर्यादा घातली. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात.

वेग बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं काळी स्क्रीन राहते. या प्लॅटफॉर्मवर ते नेहमीचंच आहे, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो.

प्रश्न : लाइट गेली की एक्सएमपी आपोआप बंद होतं, तारीखही मागे जाते.
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : बोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. घड्याळाच्या दुकानात मिळतो. तारीख बरोबर राहून फक्त रॅमचा वेग उतरत असता, तर मात्र सेल नाही, अस्थिर सेटिंग कारण असतं. बोर्ड काही वेळा प्रयत्न करून सावध वेगावर परत जातो.

प्रश्न : आय ३ १२१००, एच ६१० बोर्ड, रॅम ३६०० ची. ३२०० च्या वर जातच नाही.
– एक वाचक, जालना

उत्तर : जाणारही नाही. एच ६१० वर इंटेलने रॅमचं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत वेगापुढे पळवणं, बंद ठेवलंय. त्यासाठी बी ६६० किंवा त्यावरचा बोर्ड लागतो. पण एवढ्यासाठी बोर्ड बदलू नका. ३२०० वर टायमिंग सीएल १६ ला बसतंय का ते पाहा.